फोडून ठेवलेल्या शेंगा

माझ्या नातवंडांनो,

मी पाठवलेले शेंगदाणे खवट निघाले असं तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत. सोबतच्या फोटोत ती काचेची बरणी मला दिसली, खिडकीत, भर उन्हात ठेवलेली. इथून निघाले तेव्हा दाणे चांगले होते. तुम्हाला बोल लावत नाही, कारण हीच चूक मी तुमच्याहून वाईट रीतीने केली आहे. जिचं बियाणं माझ्या हातून मेलं, ती बाई गेल्या महिन्यात वारली. ती असताना हे लिहायचा मला धीर झाला नाही. आता लिहिलं नाही, तर ते माहीत असणारं कोणी उरणार नाही.

लग्न होऊन मी बोरी अरबला आले ती नागपूरहून, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तुमचे आजोबा शाळेत मास्तर होते, घरची थोडी शेती होती. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर मी चिठ्ठी चिकटवली. सासूबाईंना वाचता येत नसे. त्या झाकण उघडून वास घेत आणि हवा तो डबा बरोबर काढत.

ही बाई आमच्या शेतात कामाला येई. छप्पन साली तिच्या घराने बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. त्याआधी ती अंगणाच्या कडेला उभी राही, त्यानंतर ती पडवीच्या पायरीवर येऊन बसू लागली. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याला गावाच्या शिवेवर थोडी पडीत जमीन मिळाली. आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबलेल्या माणसांची ती पहिली पेरणी असणार होती. त्यासाठी तिने हिवाळाभर सरवा वेचला. भुईमूग काढून झाला की मातीत ज्या शेंगा राहून जातात, त्या खुरप्याने उकरून गोळा करायच्या. त्यातल्या भरल्या शेंगा निवडून, वाळवून तिने अर्धं पोतं जमवलं आणि ते घेऊन ती माझ्याकडे आली.

"माह्या घरी उंदरं लई, अन् छपरातून पाणी गळते. मिरगाच्या पेरणीपर्यंत ठेवता का, बाई?"

आमचं बियाणं मधल्या घरात असे. शेणामातीने लिंपलेल्या कणगीत, शेंगांसकट, कडुनिंबाच्या पाल्यात. त्या खोलीत वैशाखातही जमीन गार लागे. मी पोतं उचलून तिकडे वळले, तर सासूबाई दारात उभ्या.

"मधल्या घरात नाही," एवढंच त्या म्हणाल्या. देव्हारा त्याच खोलीत होता. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, आणि पायरीवर बसलेल्या तिलाही कळलं. ते पोतं मी पडवीलगतच्या पत्र्याच्या खोलीत नेलं.

जागा देता आली नाही, तर निगा तरी चांगली राखावी, असं मी मनाला समजावलं. पत्र्याच्या खोलीत उंदीर होते, म्हणून तुपाचा मोठा चौकोनी डबा धुऊन वाळवला. अर्धं पोतं शेंगा त्यात मावेनात, म्हणून चार दुपारी बसून त्या फोडल्या. दाणे भरले, झाकणाच्या फटीत मेण ओतलं आणि वर चिठ्ठी लावली.

सासूबाईंनी टरफलांचा ढीग पाहिला. "सूनबाई, बियाच्या शेंगा फोडत नसतात. दाणा उघडा पडते."

"घट्ट बंद आहे, आई. कीड जाणार नाही."

"अन् उन्हाळा? तो काय तुले पुसून जाते?"

ती बाई दोन दिवसांनी आली तेव्हा चिठ्ठीकडे बघून हसली. "हे कोणासाठी व, बाई? उंदरायले वाचता येते का?" मीही हसले. शेंगा फोडल्याचं तिला सांगायचं राहून गेलं.

त्या उन्हाळ्यात पत्र्याला हात लाववत नव्हता. डब्याची मला आठवणही झाली नाही.

मिरगाच्या तोंडावर ती आली. मी मेण खरवडून झाकण काढलं. आत एकही किडा नव्हता, आणि क्षणभर मला अभिमान वाटला. मग वास आला, दिव्यातल्या जुन्या तेलासारखा. दाण्यांची साल काळपट पडली होती, बोट लावताच सुटत होती. तिने एक दाणा चावला आणि बराच वेळ तोंडात धरला.

"काहून फोडल्या व, बाई? मी तं शेंगाच आणून देल्या होत्या."

तिच्या आवाजात राग नव्हता.

सासूबाईंनी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवले. चौथ्या दिवशी तिच्यासमोर फडकं सोडलं, तेव्हा नऊ कुजले होते, एकाला पांढरा मोड होता. सासूबाई उठल्या, कणगीतून टोपलीभर शेंगा काढून आणल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या.

ती म्हणाली, "पेरीन मी. वावर खाली ठेवता येत नाई. पण हे तुमच्या घरचं बी हाय, माह्यं नाई."

टोपलीबरोबर तिने तो डबाही नेला. घरी थोडे थोडे करून सगळे दाणे ओल्या फडक्यात घातले. ज्यांना मोड आले, तेवढे वावराच्या एका कोपऱ्यात स्वतःच्या हाताने लावले.

दिवाळीनंतर ती एक लहानशी पिशवी घेऊन आली. त्या कोपऱ्यातल्या सगळ्या शेंगा तेवढ्याच होत्या. तिचं छप्पर अजून गळत होतं, घरातले उंदीरही तसेच होते. मी पिशवी घेतली आणि मधल्या घराकडे चालू लागले. सासूबाई दारात होत्या. या खेपेला मी थांबले नाही. दोन पावलांवर आले, तेव्हा त्या बाजूला झाल्या.

"फोडू नको," त्या म्हणाल्या.

देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला ती पिशवी मिरगापर्यंत टांगलेली होती. पुढच्या वर्षी तिथे पिशवीच्या जागी पोतं आलं.

सासूबाई गेल्या, आता तीही गेली. तिचा नातू ते वावर करतो आणि कोपऱ्यातल्या त्या शेंगांचं बी दर वर्षी पेरतो. तुम्हाला पाठवलेले दाणे त्याच वाणाचे होते. खुंटी जागेवर आहे, आणि त्याच्या या वर्षीच्या बियाच्या शेंगा तिला टांगलेल्या आहेत, न फोडलेल्या.