मुंबई टाइम पाळणारे कमलाकांतराव

दुपारी पोलिसांची गाडी कर्णा लावून गिरगावातून फिरली आणि संध्याकाळी पाचपासून कर्फ्यू, असं सांगून गेली. तेव्हा कमलाकांतरावांच्या दिवाणखान्यात पाटांभोवतीची रांगोळी पुरी होत होती. ट्राम बंद, रस्त्यात दगड, नाक्यावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’च्या घोषणा. अशा दिवसांत भाचीचं, बेबीचं, लग्न त्यांनी घरातच उरकायचं ठरवलं होतं. ते खिडकीशी गेले, परत आले, भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे बघून पुन्हा खिडकीशी गेले.

“भाई, बस ना जरा,” सरोजिनी, त्यांची बहीण, बेबीची आई, म्हणाली. “चालतोयस तू आणि गरगरतंय मला.”

कुलाब्याच्या वेधशाळेत कारकुनी करून ते निवृत्त झाले होते. ओळखीतल्या लग्नांचे मुहूर्त पंचांगातल्या घटका-पळांतून घड्याळात उतरवायचं काम त्यांचंच. कोणी विचारायचा अवकाश, हात कमानीसारखा फिरवून सांगायला लागत. “घटका म्हणजे चोवीस मिनिटं. सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटं घेतो, म्हणजे घटकेत सहा अंश. साठ कलांचा एक अंश. स्टँडर्ड टाइमची रेघ आपल्या पूर्वेला नऊ अंश चाळीस कलांवर. म्हणून ते घड्याळ आपल्या एकोणचाळीस मिनिटं पुढे. त्यांचा सूर्य त्यांना, आपला आपल्याला.”

गेल्या वर्षी मुंबई टाइम अधिकृतपणे बंद झाला. यांच्या भिंतीवर तो चालूच होता.

बेबीचा मुहूर्त सूर्योदयापासून तेवीस घटका पन्नास पळांवर, म्हणजे यांच्या घड्याळात चार वाजून सात मिनिटांनी. पत्रिकेत तेवढंच छापलं. पूर्वी पुढे ‘मुं. टा.’ घालत. आपल्या घरच्या पत्रिकेत ते वेगळं कशाला सांगायचं, म्हणून त्यांनी स्वतःच ते गाळलं होतं.

व्याही मनमोहनराव दादरहून दोन मोटारी भरून आले. त्यांच्या मनगटावर चार वाजत होते. भिंतीवर तीन वाजून एकवीस.

“घड्याळ बंद पडलंय तुमचं,” मनमोहनराव म्हणाले.

“चालू आहे. मुंबई टाइम आहे तो.”

“म्हणजे मुहूर्त आमच्या पावणेपाचला? आणि पाचला कर्फ्यू? पंधरा मिनिटांत सून घेऊन दादर गाठू मी?”

“आज इथेच मुक्काम करा.”

“वीस माणसांनी? आणि आई तिकडे अंथरुणावरून दाराकडे डोळे लावून बसलीय, तिला काय सांगू?”

अंतरपाट खांद्यावर टाकून भटजी उभे होते. “मी यजमानांच्या घड्याळावर चालतो. यजमानांनी बोलावं.”

कमलाकांतराव खिडकीकडे वळले. “मुंबई महाराष्ट्रापासून तोडायला निघालेत, मनमोहनराव. आणि तुम्ही मला मुंबईची वेळ सोडायला सांगताय.”

“वेळ ठेवा हो तुमच्याकडे. मुलगी तेवढी द्या.”

कोणीतरी हसलं. त्याच वेळी ठाकुरद्वाराच्या बाजूने धाड धाड असे दोन आवाज आले. मुंडावळ्या सावरत बेबी दारात आली.

“मामा, मुहूर्त हुकला तर काय होतं?”

“ग्रहांची गणितं असतात ती, बेबी. काहीतरी... पुढेमागे...”

“आणि कर्फ्यू हुकला तर?”

त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले, काच उघडली आणि मिनिटकाटा बोटाने पुढे ढकलू लागले. साडेतीनचा एक ठोका पडला. ते थांबले. पुन्हा काटा सरकवला. चारचे चार ठोके सगळ्या खोलीने उभ्या उभ्या ऐकले. चार वाजून सात मिनिटांवर त्यांनी बोट काढलं.

“भटजी, धरा अंतरपाट.”

मंगलाष्टकं धावत झाली, सप्तपदी त्याहून धावत. बेबीला धड रडायलाही मिळालं नाही. मोटारी गेल्या. कमलाकांतराव पुन्हा खिडकी ते दार, दार ते खिडकी.

आता स्टँडर्ड टाइमवर आलेल्या भिंतीवरच्या घड्याळात चार शेहेचाळीस झाले, तसे ते थबकले. ताटातल्या उरलेल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि रिकाम्या पाटांवर टाकल्या.

“आता कोणाचं लावतोयस?” सरोजिनीने विचारलं.

“खरा मुहूर्त आत्ता आहे, सरू. गाडी लालबागला असेल. ते गिरगावच्या पूर्वेला एक कला. तिथे तो चार सेकंद आधी लागतो.”

“मग तुला उशीर झाला,” ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून तिथेच पाटाशी बसली.

पाच वाजले. खालचा रस्ता ओस पडला. टेलिफोन वाजेना. सरोजिनीने दोनदा उचलून तो चालू आहे का पाहिलं. सव्वापाचला घंटा वाजली तेव्हा कमलाकांतरावांनी तिच्या हातून तो ओढूनच घेतला.

“पोचलो,” पलीकडून मनमोहनराव म्हणाले. “परळला अडवलं होतं. पाचला दोन मिनिटं कमी असताना गल्लीत शिरलो.”

“कुठल्या घड्याळात?”

“नाक्यावरच्या शिपायाच्या. बेबीला देतो, बोला.”