हळदकुंकू लावलेला सायलेन्सर

सायलेन्सरला हळदकुंकू लावून गाडी सुरू करू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखी ती गोष्टही नव्हे. पण स्टीलचा नवाकोरा सायलेन्सर तापला, की त्याला जे काही लागलेलं असेल ते कायमचं भाजून निघतं, हे मी पार्किंगमध्ये उभ्या उभ्या शिकलो. ओल्या हळदीची माझी पाच बोटं आधी पिवळी, मग तपकिरी आणि मग काळपट होऊन त्या नळकांड्यावर उमटली, ती उमटलीच. लिंबू लावलं, चिंच लावली, भांड्यांची पावडर लावली. बोटं गेली नाहीत, भोवतालची चकाकी तेवढी गेली.

खरं तर हे काम बायकोचं. मिक्सर आणला तरी ती त्याला कुंकू लावते. म्हणून मी तिला खाली बोलावलं, तर तिनं बाल्कनीतूनच खाली पाहिलं आणि म्हणाली, "मी वाहनाची पूजा करते. सुट्या भागांची करत नाही." मग मीच तबक घेऊन खाली बसलो.

पन्नाशीत लोक गुडघ्याला पट्टा आणतात, मी लांब पल्ल्याची मोटरसायकल आणली. लांब पल्ला म्हणजे सध्या तरी बिबवेवाडी ते धायरी. धायरी हे बायकोचं माहेर. दर रविवारी आम्ही दोघं गाडीवरून तिकडे जातो, आणि आमचा संसार खऱ्या अर्थानं चालतो तो त्या तासाभरात. कारण घरात बोलायची सोय नाही. आईच्या मालिका सुरू असतात, मुलीच्या कानात सतत काहीतरी खुपसलेलं असतं आणि आम्हा दोघांत जे होतं त्याला बोलणं म्हणत नाहीत. सिलिंडर आला का, टँकर आला का, एवढंच. बायको मनातलं बोलते ते दुचाकीवर, मागे बसून. लग्नानंतर जुन्या स्कूटरवर सुरुवात झाली, ती सवय टिकली. समोरासमोर बोलायला लागलं की माझा चेहरा बघून मुद्दा विसरायला होतं, असं तिचं म्हणणं आहे. मागून तिला फक्त माझं हेल्मेट दिसतं, ते तिला सोसतं. मीही अर्धी मान वळवून तिला उत्तरं देतो, तिची वाक्यं आधीच पूर्ण करतो, बहुतेक चुकीची. असं आमचं छान चाललं होतं.

त्यात मला मेकॅनिक भेटला. म्हणजे सर्व्हिसिंगला मीच गेलो होतो. त्यानं माझ्या गाडीचा आवाज ऐकला आणि डॉक्टर रिपोर्ट बघताना करतात तसा चेहरा केला. "काका, एवढी गाडी आणि आवाज शिलाई मशीनचा? कंपनीचा सायलेन्सर म्हणजे इंजिनाच्या नाकावर रुमाल दाबून धरल्यासारखं आहे. श्वास मोकळा करा. मग बघा पिकअप, घाट सपाट वाटेल." मला स्वतःला दोन जिने चढले की धाप लागते. इंजिनाच्या श्वासाची काळजी करायचं मला काही कारण नव्हतं. पण मी केली, आणि नवा सायलेन्सर बसवून घेतला.

नव्या सायलेन्सरच्या तोंडाशी आवाज दाबणारी एक जाळीदार नळी असते. ती त्यानं काढून माझ्या हातात ठेवली. "ही नको, काका. हिनं बेस मरतो." मी ती नळी घरी आणून ड्रॉवरमध्ये टाकली आणि बेस जिवंत ठेवला.

पिकअप वाढला का, हे मला अजून नीट सांगता येणार नाही. स्वारगेटच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी आधीपेक्षा सुस्त वाटायची, आणि थ्रॉटल सोडला की मागून फटाके फुटायचे. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "ते तर फीचर आहे, काका." आवाज मात्र होता. सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांनी तक्रार वगैरे केली नाही. ते फक्त दारात येऊन म्हणाले, "आपण घरी आलात की सगळ्या बिबवेवाडीला कळतं, चांगली सोय झाली. फक्त दुपारी एक ते चार आपण घरी आलात, हे आम्हाला नाही कळलं तरी चालेल."

पहिल्या रविवारी निघताना जुन्या सायलेन्सरचा प्रश्न आला. बायको तो माळ्यावर ठेवू देईना. शेवटी ठरलं की धायरीला मेहुण्याच्या गोठ्यात टाकायचा. जुन्या चादरीत गुंडाळून तो तिनं तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेतला आणि आम्ही निघालो. सिंहगड रस्त्याला लागल्यावर माझ्या लक्षात आलं, की मागून काहीच ऐकू येत नाही. मी ओरडलो, "काय म्हणतेस?" त्याचं उत्तर आलं असेल तर ते बेसमध्ये गेलं. तिचं हेल्मेट अधूनमधून माझ्या हेल्मेटवर टकटक आपटत होतं, ते मी खड्ड्यांच्या खाती घातलं.

धायरीला मेहुणा दारातच उभा होता. "दाजी, मला वाटलं जेसीबी आला. मी गेट पूर्ण उघडलं." थोड्या वेळानं तो गोठ्यातून रिकामी चरवी घेऊन परत आला. "म्हशीनं पान्हा चोरलाय. पुढच्या टायमाला गाडी तेवढी फाट्यावरच लावून चालत येत जावा." बायको मात्र त्या दिवशी छान खुशीत होती. दोन कप चहा प्यायली, भावजयीशी हसत बसली. माझ्याशी मात्र एक शब्द नाही.

घरी परतल्यावर मी तिला विचारलं, "आज काही बोलायचं नव्हतं का?"

"बोलून झालं."

"कधी?"

"जाताना. थोडं येताना."

हा टोमणा आहे हे मला कळलं. इतकी वर्षं पुण्यात काढल्यावर एवढं कळतं. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. ती गाडीवरून उतरायची प्रसन्न चेहऱ्यानं. तिला आता मला काही सांगावंसंच वाटत नाही, असं मनात घेऊन मी हैराण झालो. आठवडाभर घरात सिलिंडर आणि टँकर, आणि रविवारी फटाके. त्यात स्वारगेटच्या सिग्नलला हवालदारसाहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. त्यांनी आधी आवाज ऐकला, मग माझे पांढरे केस बघितले.

"मुलाची गाडी का, काका?"

"नाही, माझीच."

"मग अवघड आहे," ते म्हणाले. "बदलून घ्या. पुन्हा दिसलात तर गाडी इथंच राहील आणि तुम्ही रिक्षानं जाल."

मी मुकाट्यानं मेकॅनिककडे गेलो. सायलेन्सर परत घे म्हणालो. त्यानं त्या पाच बोटांकडे पाहिलं. "हे काय आहे, काका?"

"हळदकुंकू."

"मग नाही घेता येणार. वापरलेला घेतला असता एक वेळ. पूजा झालेला कुणाला लावू?"

राहता राहिला जुना. मी धायरीला फोन केला, की येत्या रविवारी तो घेऊन जातो. मेहुण्याचा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे. तो म्हणाला, "आता कुठला मिळतोय, दाजी. कापून वेल्डिंग केला अन् जनरेटरला बसवला. लय भारी माल हाय. पहिल्यांदा लग्नात नवरदेवाला भटजीचं ऐकू आलं."

म्हणजे धायरीत परक्या नवरदेवांना सगळं ऐकू येत होतं आणि मला माझी बायको ऐकू येत नव्हती.

शेवटी ती जाळीदार नळी आठवली. ड्रॉवर उपसला, सापडली नाही. सगळं घर शोधलं. ती देवघरात होती. आईनं तिच्यात उदबत्त्या लावल्या होत्या. भोकं आयती होती, दहा-बारा उदबत्त्या मावत होत्या. मी नळी मागितली तर आई म्हणाली, "घे. देवाचं काय, तो बटाट्यावर भागवेल." देवाला बटाटा देऊन मी नळी खाली नेली आणि स्वतःच्या हातानं सायलेन्सरमध्ये बसवली. या वेळी हात धुऊन, पुसून. गाडी सुरू केली. आवाज अगदी शिलाई मशीनचा नाही झाला, पण पिठाच्या गिरणीचा होता तो शेवयांच्या मशीनवर आला. तळमजल्याचे गृहस्थ बाहेर येऊन बघून गेले. बहुधा गाडी विकली की काय, ते बघायला.

रविवारी आम्ही निघालो. स्वारगेट आलं, गेलं. सिंहगड रस्ता लागला. मला मागून तिची बांगडी वाजलेली ऐकू येत होती, शेजारच्या रिक्षातलं गाणं ऐकू येत होतं. बायको गप्प. धायरी फाट्याला मी न राहवून म्हणालो, "अगं, बोल की. आता सगळं ऐकू येतं."

"येतंय ना. म्हणूनच," ती म्हणाली आणि हेल्मेटची काच खाली ओढली.

परत आल्यावर पार्किंगमध्ये तिनं हेल्मेट काढलं, केस नीट केले आणि त्या पाच काळ्या बोटांकडे बघत उभी राहिली. मी म्हणालो, माझं चुकलं, तो नवा सायलेन्सर बसवायलाच नको होता, तीन-चार रविवार तुझे फुकट गेले.

"फुकट कशानं?" ती म्हणाली. "लग्नापासूनचं जे जे मनात होतं, ते मी मागे बसून सगळं बोलून घेतलं. मोठ्यानं, नावं घेऊन. मुद्द्यावर आले की तुमच्या हेल्मेटवर टकटक पण करत होते. एकदासुद्धा तुम्ही मध्ये बोलला नाहीत. इतक्या शांतपणे तुम्ही माझं आजवर कधी ऐकून घेतलं नव्हतंत." मग तिनं पिशवी उचलली, जिन्याकडे वळली आणि दोन पायऱ्या चढून थांबली. "सासूबाईंचा विषय तेवढा राहिलाय. एका रविवारपुरती ती नळी काढता येते का बघा."