चषकाला लावलेली चिंच

एका बेसबॉल संघाचा अख्खा इतिहास मी चिंच लावून घासून काढला आहे. हसू नका, खरंच. परवा समई घासताना चिंचेचा आंबूस वास आला आणि मिशिगनमधली ती सकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली.

नवरा पीएचडीत बुडालेला, माझ्या व्हिसावर नोकरीची परवानगी नाही. म्हणून गावातल्या व्यावसायिक संघाच्या छोट्याशा संग्रहालयात मी हौसेने झाडपूस करायची. तिथे एक पितळी चषक होता, काळाकुट्ट. संघ तीनदा अजिंक्य ठरला, आणि तिन्ही वेळा तोच चषक खेळाडूंच्या घामट हातांतून मैदानभर फिरला. शेजारच्या पाटीवर सगळं लिहिलं होतं, पण वाचतेय कोण! काळं पितळ म्हणजे सुनेची अब्रू गेली, एवढंच मला ठाऊक. तासभर घासला. असा लखलखला म्हणता!

तेवढ्यात वॉल्टर आले. ऐंशीच्या घरातले, पहिल्या अजिंक्यपदाच्या वेळचे खेळाडू. संग्रहालय तेच सांभाळायचे. चषक पाहून मटकन खुर्चीत बसले.

"ते डाग आमच्या हातांचे होते," एवढंच म्हणाले. त्यांतले बरेचसे हात आता या जगात नव्हते. मला रडू फुटलं.

त्यांच्या जागी मी असते, तर त्या दीडशहाण्या पोरीला झाडूनं बदडलं असतं. त्यांनी मात्र स्वतःचा रुमाल पुढे केला आणि म्हणाले, "रडू नका. संघातल्या पोरांना सांगतो, एका बाईंनी चषक कोरा करून ठेवलाय. नवे डाग पाडायचे असतील, तर जिंकून या."