पंपघरातलं बाकडं

शिंपीणकाकूंना पाण्याचं वेड लागलं ते गुडघ्यांपायी. जन्मभर मशीनचं पायडल मारून गुडघे असे कुरकुरायला लागले होते, की काकू जिना चढू लागल्या की वरच्या मजल्यावरची शेजारीण चहाचं आधण ठेवायची. डॉक्टर म्हणाले, पाण्यात चाला. काकू तरणतलावात चालायला गेल्या, चालता चालता पोहायला शिकल्या आणि एक दिवस तिथल्या कोचला म्हणाल्या, "मला घेशील का गं तुझ्या त्या डायव्हिंगच्या टोळीत?"

कोच त्यांच्या मुलीच्या वयाची. तिच्या मंडळींचे उसवलेले सूट आणि तुटलेल्या चेन काकूंच्याच दुकानात यायच्या. ती हसली, पण नाही म्हणाली नाही.

गुडघे हे निमित्त होतं. तलावातला सराव संपला की ही टोळी गावाबाहेरच्या जुन्या दगडाच्या खाणीत उतरायची आणि त्या खाणीच्या तळाशी काकूंच्या वडिलांचं पंपघर होतं. खाण खोल, खालून झरे फुटलेले. ते पाणी सतत उपसायचं काम वडिलांचं. लहानपणी काकू डबा घेऊन खाली जायच्या आणि बाबांशेजारी लाकडी बाकड्यावर पाय हलवत बसायच्या. पंपाची धडधड बाकड्यातून अंगात शिरायची, दातसुद्धा थरथरायचे. पुढे खाण तोट्यात गेली. ज्या माणसानं उभा जन्म पाणी बाहेर काढलं, त्यालाच बटण बंद करायला लावलं. पाणी हळूहळू चढत गेलं आणि क्रेन, रस्ता, पंपघर सगळं आहे तसं खाली राहिलं. वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि घरीच, आपल्या अंथरुणात गेले.

काकूंच्या थोरल्या भावाला, दादाला, हे डायव्हिंगचं कळलं तेव्हा तो ताडकन म्हणाला, "त्या पाण्यात तुझं काय अडलंय? तलावात डुंब की हवं तेवढं!"

"बघून यायचंय एकदा."

"बघायला काही राहिलेलं नाही तिथे," दादा म्हणाला आणि उठून गॅलरीत गेला. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. चिडला की हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे व्हायचे.

पहिला घोळ झाला तो जॅकेटचा. पाण्याखाली माणसाला वर-खाली नेणारं, हवा भरायचं जॅकेट असतं. हवा भरली की तरंगायचं, सोडली की बुडायचं. कोचकडे त्याचे दोन प्रकार होते. एक अंगरख्यासारखं, हवा छातीला, कुशीला, पाठीला सगळीकडून वेढणारं. दुसरं नुसत्या पट्ट्यांचं. त्याची पिशवी फक्त पाठीवर. त्याला सगळे विंग म्हणत.

काकूंनी दोन्ही उलटीपालटी करून शिवण तपासली. पट्ट्यांचा तो सांगाडा त्यांना उघडावाघडा वाटला. अंगरख्याची शिवण मात्र दुहेरी, कापड जाड, बेतणी झकास. त्यांनी ते अंगावर चढवलं आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं कमरेत, छातीत नीट घट्ट करून घेतलं.

"सैल ठेवा काकू," कोच म्हणाली.

"अगं, मापात बसलंय. मला शिकवू नकोस."

तलावात उतरून हवा भरली आणि जॅकेटनं काकूंना असं आवळलं, की बरगड्या एकमेकींना भेटायला आल्या. तोंडातून शब्द फुटेना. कोचनं धावत येऊन हवा सोडली. "काकू, हे लग्नाचं ब्लाऊज नाही! हे आतून फुगतं!" सगळा तलाव हसला. काकूही हसल्या, पट्टे सैल केले, पण जॅकेट बदललं नाही. त्यात माणूस पाण्यावर सरळ उभा राहायचा, मान वर, खुर्चीत बसल्यासारखा. काकूंना ते आवडलं.

खाणीत उतरले तो दिवस लख्ख उन्हाचा होता. वरचं पाणी हिरवं, मग निळसर, मग राखेच्या रंगाचं. बुडालेला रस्ता वळत वळत खाली जात होता आणि काकू त्याच्यावरून तरंगत चालल्या होत्या. क्रेन होती. तिच्या साखळीवर गाळ बसून ती दंडासारखी जाड झाली होती. आणि कड्याच्या पोटाशी पंपघर, दार केव्हाच कुजून गेलेलं. कोचनं आधीच बजावलं होतं, आत जायचं नाही, दारातून बघायचं.

काकू दारासमोर थांबल्या. जॅकेटमुळे अंग उभंच राहत होतं, हँगरला अडकवलेल्या कोटासारखं. पाय खाली. पायांत चढवलेल्या रबरी पंखांसारख्या फिन्स जरा हलल्या आणि तळाचा गाळ भसकन उठला. क्षणात पुढे-मागे काही दिसेना. टॉर्चचा उजेडसुद्धा हातभर पुढे जाऊन मरत होता.

काकू घाबरल्या नाहीत. हेच त्यांना पुढे सगळ्यात विचित्र वाटत राहिलं. त्या जागच्या जागी थांबल्या, शिकवलं होतं तशा. श्वास शांत झाला. मांड्यांखाली काहीतरी टणक आणि ओळखीचं होतं. गुडघे दुखत नव्हते. आणि पाण्यातून, सगळीकडून एकदम, धडधड येत होती. आपल्या काळजाची असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण काळजाची धडधड दातांत येत नाही.

मग कुणीतरी त्यांना खसकन ओढलं. गाळातून कोचचा मुखवटा पुढे आला, डोळे हे एवढे मोठे. तिनं काकूंच्या दंडाला धरलं ते वर येईपर्यंत सोडलं नाही.

काठावर पोचल्यावर कोचनं मुखवटा ओढून काढला. "आत का गेलात तुम्ही? मी सांगितलं होतं ना!"

"मी आत गेलेच नाही गं. दाराशी होते."

"काकू, तुम्ही आत होतात. बाकड्यावर. अगदी आरामात बसला होतात, हात मांडीवर ठेवून. मी हातभर अंतरावरून तीनदा खुणा केल्या, तुम्ही मान हलवलीत, नाही म्हणून."

काकूंना यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

दुकानात मशीनवर बसल्या तरी सुईदोऱ्याची गाठ पडेना. शेवटी त्या दादाकडे गेल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. दादा रागावेल असं वाटलं होतं. तो रागावला नाही. नखं बघत बोलायला लागला.

"तू सासरी होतीस," तो म्हणाला. "तुला माहीत नाही. बाबा शेवटी शेवटी दुपारी त्या खिडकीतल्या खुर्चीत बसायचे. म्हणायचे, पंप बघून येतो. आणि बसल्या जागी डोळे उघडे ठेवून गप्प. हाक मारली तरी ओ नाही."

"म्हातारपण, दादा."

"मीही तेच म्हणायचो. एकदा पाय चेपायला बसलो. पाय बर्फासारखे गार. बरं, उन्हाळ्यातही असतील एक वेळ गार! पण पँटची टोकं ओली होती, आणि बोटांच्या बेचक्यांत राखाडी गाळ होता. आपल्या घरात, तिसऱ्या मजल्यावर." दादानं मान वर केली. "मी ते धुतलं, पुसलं, आणि कुणाला बोललो नाही. तुझ्या वहिनीलासुद्धा नाही."

यानंतर शहाणं माणूस परत खाणीकडे फिरकलं नसतं. काकूंना स्वतःलाही तसंच वाटत होतं. पण आपण कुठे बसलो हे न कळता बसलो, ही गोष्ट त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या कोचकडे गेल्या आणि म्हणाल्या, "ते दुसरं दे. पाठीवरचं."

विंगनं त्यांना तलावात चांगलंच छळलं. हवा पाठीवर, त्यामुळे वर आलं की ती तोंडावर ढकलायची. काकू दोनदा नाकातोंडात पाणी जाऊन खोकल्या. "हवा कमी भरा, आणि मागे रेला," कोच सांगायची. मागे रेलायला शिकण्यात दोन रविवार गेले. पण पाण्याखाली गेलं की जादू व्हायची. शरीर आपोआप आडवं, सपाट, माशासारखं. पाय मागे, तळापासून दूर. गाळाचा कण उठत नव्हता.

तशाच आडव्या तरंगत त्या पुन्हा पंपघराशी गेल्या. या वेळी कोचनं त्यांच्या विंगची पट्टी मुठीत धरून ठेवली होती. पाणी स्वच्छ. टॉर्चचा झोत थेट आत गेला.

पंप होता, गाळानं गुबगुबीत झालेला. भिंतीवरचे खिळे, जमीन, खिडकीची चौकट, सगळ्यावर बोट रुतेल एवढा मऊ थर. बाकड्यावरही होता. एका ठिकाणी मात्र लाकूड उघडं होतं. माणूस बसून उठल्यावर राहावी तेवढी जागा. ती आपली, गेल्या वेळची, हे काकूंना लगेच कळलं.

तिच्याशेजारी दुसरी होती. जरा रुंद. तिथलं लाकूड नुसतं उघडं नव्हतं, चकचकीत होतं; रोज घासल्यासारखं.

पट्टीवरची कोचची मूठ घट्ट झाली. म्हणजे तिलाही दिसलं होतं. धडधड सुरू झाली तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काही खूण न करता एकदमच मागे सरकायला लागल्या.

वर आल्यावर कोच एवढंच म्हणाली, "मी नव्हते बसले हं, काकू. शप्पथ."

"माहितेय गं."

पुढच्या महिन्यात काकूंनी स्वतःचं जॅकेट घ्यायचं ठरवलं. दुकानदार बोलका होता. त्यानं काकूंकडे, त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि सरळ अंगरख्यासारखं पुढे केलं. "तुमच्या वयाला हेच. वर आलात की तोंड पाण्याबाहेर. खिसे भरपूर. अगदी खुर्चीत बसल्यासारखं वाटेल."

"म्हणूनच नको," काकू म्हणाल्या. "ते विंग दाखवा."

"अहो, त्यात धड बसतासुद्धा येत नाही!"

"हो ना. तेच हवंय."

दुकानदाराला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. त्यानं विंग बांधून दिलं.

काकू अजून खाणीत उतरतात. पंपघराच्या दारापासून अंतर राखून आडव्या तरंगतात, आत उजेड टाकतात, थोडा वेळ थांबतात. धडधड कधी येते, कधी येत नाही. आत जात नाहीत. नवीन माणसं टोळीत आली की त्यांना क्रेनच्या बाजूला वळवायचं काम त्यांनी आपणहून घेतलंय. कुणी विचारलं तर सांगतात, तिकडे छत सैल आहे.

बाकड्यावरच्या त्या दोन जागांचं ऐकल्यापासून दादा त्यांना गाडीनं नेतो. स्वतः पाण्याजवळ येत नाही. वर रस्त्यावरच काचा चढवून बसतो. काकू ओल्या केसांनी गाडीत शिरल्या की तो पुढे बघतच विचारतो, "आहेत?"

"आहेत."

परवा मात्र त्यानं किल्ली फिरवली आणि पुन्हा बंद केली. "आणि तुझी जागा? तिच्यावर गाळ बसला का?"

इतक्या महिन्यांत बसायला हवा होता. काकूंनी टॉर्च टाकून नीट पाहिलं होतं. आजूबाजूचा थर तेवढा आणखी जाड झाला होता.

"बसेल," त्या म्हणाल्या. "चल, पाय गारठलेत माझे."