चेंडू कुठं पडला

काल वावरात वखर चालू असताना विहिरीजवळच्या मातीतून गोल्फचा एक चेंडू वर आला, पार पिवळा पडलेला. हातात घेतला तर ओलसर काळ्या मातीचा वास आला, आणि मी मागच्या एका संध्याकाळपाशी जाऊन पोचले.

हे फौजेतून निवृत्त होऊन कळंबला शेतीवर आले, तेव्हा सामानात गोल्फची एक काठी होती. कपाशीची पऱ्हाटी उपटून वावर मोकळं झालं की रोज संध्याकाळी चेंडू मारायचे. मारताना मान वर करायची नाही, हा त्यांचा नेम. चेंडू कुठं पडतो ते पाहायचं काम माझं.

"मान उचलली का समजायचं, आपल्याले घाई झाली," ते म्हणायचे. "मी सोताले लय शांत समजत होतो. या चेंडूनं माह्यी घाई मले दाखवली."

त्या दिवशी चेंडू सणसणत गेला. मातीकडं पाहतच त्यांनी विचारलं, "कुठं पडला व?"

"नाही पाह्यला."

"मंग कुठं पाहून राह्यली होती?"

"तुमच्याकडं."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडं पाहत राहिले, मग हसले. अंधार पडेपर्यंत आम्ही बांधाशी चेंडू शोधला, सापडला नाही. शोधताना मी मनातून चिडले होते, घरी स्वयंपाक पडला होता. आज वाटतं, तो अंधार अजून थोडा उशिरा पडायला हवा होता.

काल पदरानं चेंडू पुसता पुसता मी बोलून गेले, "अहो, विहिरीकडं पडला होता."

आणि मान वर केली. समोर नुसतं वावर होतं.