संध्याकाळची गोळी

सासूबाईंच्या गोळ्यांचं काम माझ्याकडे आलं ते मला वाचता येत होतं म्हणून. अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या घरात सातवी झालेली बाई मी एकटीच. त्या उन्हाळ्यात सासूबाईंचं तोंड दोन दिवस वाकडं झालं आणि आपोआप सरळही झालं. गोंदियाच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून ब्लडप्रेशर मोजलं आणि माझ्या नवऱ्याला बजावलं की पुढच्या खेपेला तोंड सरळ होणार नाही. सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या. रोज दोन, दोन्ही वेळच्या जेवणानंतर एकेक.

मी एकही चुकवली नाही. जेवण झालं की गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. त्या वैतागायच्या, मला जमादारीण म्हणायच्या. मीही स्वभावाची तिखट, ऐकून घ्यायची नाही.

तरी श्रावणात त्या पुन्हा डोकं धरून बसू लागल्या. मला पाचवा लागला होता. आधी दोनदा पोट पडलेलं, म्हणून सगळे नको म्हणत होते, पण मी हट्टानं छोट्या लाइनच्या आगगाडीत बसून त्यांच्यासोबत गोंदियाला गेले. डॉक्टरांनी पट्टा सोडला आणि ते माझ्यावरच उखडले, गोळ्या देत नाही म्हणून. मी शपथ घेतली. मग त्यांनी विचारलं, "ये दिन में खाना कितनी बार खाती हैं?"

आषाढी एकादशीपासून सासूबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला होता. दिवसातून एकदाच जेवायचं, त्यानंतर पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. एक जेवण म्हणून मी एकच गोळी देत आले होते. महिनाभर अर्धंच औषध, आणि वर मला माझ्या काटेकोरपणाचा अभिमान. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी आल्यावर त्यांनी संध्याकाळची गोळी घ्यायला साफ नकार दिला. नेम माझ्यासाठीच होता, हे मूल तरी जगावं म्हणून. नेम मोडला आणि माझ्या पोटातल्याला काही झालं तर, या भीतीनं त्यांचा चेहरा उतरला होता. मला भीती त्यांचं तोंड पुन्हा वाकडं होण्याची. मी माझं ताट वाढून घेतलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि हात मांडीवर घेऊन बसले.

"तुमी गोळी घेतल्याबिगर मी जेवत नाई, माय."

"पोटुशी बाई उपाशी राहाते का?"

"ते तुमीच पाहा."

भात गार झाला. पोटात बाळ हललं आणि मी हादरले, पण उठले नाही. शेवटी त्यांनी देवाकडे पाहून हात जोडले, गोळी गिळली आणि माझं ताट माझ्याकडे सरकवलं. "जेव आता."

मग हे रोजचंच झालं. गोळी, मग ताट, मग "जेव". मला वाटलं, त्यांना डॉक्टरांचं म्हणणं पटलं.

आश्विनात भाऊ मला बाळंतपणासाठी बोदलकशाकडे माहेरी न्यायला आला. मी नवऱ्याला गोळ्यांचं सगळं समजावलं. त्यानं मान हलवली, सासूबाईंनीही हलवली. मी निर्धास्त गेले.

कार्तिकी एकादशीला चार दिवस उरले असताना नवरा माहेरी आला. सासूबाईंची उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. तो रोज संध्याकाळी विचारायचा आणि त्या घेतली म्हणायच्या. गोळ्या देवापुढच्या वाटीत सापडल्या, मी गेले त्या दिवसापासूनच्या, रोजची एक. मला आठवा लागला होता. कुणी जाऊ दिलं नाही. मी आईला नाही नाही ते बोलले, पण राग माझा माझ्यावरच होता. त्यांनी गोळी एकदाही स्वतःसाठी घेतली नव्हती. मी जेवावं म्हणून घेतली होती, आणि माझं ताट तर माहेरी होतं.

सव्वा महिन्याची मुलगी घेऊन मी परतले. संध्याकाळी सासूबाईंना पेज भरवली, गोळी जिभेवर ठेवली. त्यांनी मुकाट्यानं गिळली. मग डावा हात चाचपडत पुढे आला आणि त्यांनी माझं ताट माझ्याकडे ढकललं. ओठ हलले, शब्द फुटला नाही. मी जेवले.