राणीची शेवटची ओळ

हीटरवर वाळत टाकलेल्या लोकरीच्या कोटाला आज मेंढरासारखा वास आला आणि मला हॅम्बर्गमधल्या आमच्या संस्थेची वाचनाची खोली आठवली. मी तिथे पीएच.डी. करत होते. अठराव्या शतकात एका कझाक खानाच्या राणीने रशियाच्या सम्राज्ञीला लिहिलेल्या पत्रांचा सारांश मी कार्डांवर उतरवत असे. राणीचा मुलगा रशियनांकडे ओलीस होता.

प्रत्येक पत्रात आधी क्षेमकुशल, मग भेट पाठवलेले घोडे, सरहद्दीवरच्या तक्रारी, आणि अगदी शेवटी एक ओळ: मुलाला एकदा भेटू द्यावं. सहाव्या पत्राशी मी कंटाळून लिहिलं, ‘शेवटी नेहमीचा मजकूर.’

प्राध्यापकबाईंनी कार्ड पाहिलं. “गेनाऊ, अगदी बरोबर,” त्या म्हणाल्या, “पुढच्या पत्रांनाही एवढंच पुरे.”

मला बरं वाटलं. तेव्हाही हीटरवर वाळणाऱ्या माझ्या कोटाच्या खिशात साताऱ्याहून आलेलं आईचं पत्र होतं, दोन दिवस न फोडलेलं. आत काय असणार ते ठाऊकच होतं. पाऊसपाणी, शेजारच्यांचं लग्न, आणि शेवटी, ‘यंदा तरी येशील ना?’

ते पत्र पुढे मी वाचलं की नाही, आठवत नाही. आई जाऊनही बरीच वर्षं झाली. आठवत नाही याचंसुद्धा आता काही वाटत नाही.

आज सकाळी इंगोलश्टाटला राहणाऱ्या माझ्या मुलाला मेसेज केला होता. इथली थंडी, माझा गुडघा, आणि शेवटी, नाताळात येतोस का?

त्याने लगेच, जर्मनमध्ये, गुडघ्यासाठी एक मलम सुचवलं.